मी आक्कासाठी निवडलेला काळ

आठवीच्या वर्गाला इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ यांतला फरक शिकवायची वेळ आली, की मी एक किस्सा सांगत असे. एका घरी समारंभ होता, तिथं एक खेडवळ बाई आली होती. तिला एका इंग्रजी बोलणाऱ्या पाहुणीनं विचारलं, "व्हॉट डू यू डू?" म्हणजे तुम्ही काय काम करता? बाईनं ऐटीत उत्तर दिलं, "आय ॲम सिटिंग." मी बसले आहे.

हे सांगताना मी खुर्चीत पाय पसरून बसायचो, पदर सावरल्यासारखं करायचो आणि 'सिटिंग'मधला शेवटचा 'ग' मुद्दाम ठणकावून म्हणायचो. वर्ग खो खो हसायचा. मग फळ्याकडे वळून मी समजावून सांगायचो, की 'डू यू डू' म्हणजे रोजचं, नेहमीचं. 'आर यू डूइंग' म्हणजे आत्ताचं, या घडीचं. बाईला विचारलं होतं रोजचं आणि तिनं सांगितलं आत्ताचं. मुलं हा फरक पुन्हा विसरत नसत. मोठी झालेली मुलं बाजारात भेटली, की लांबूनच ओरडायची, "सर, आय ॲम सिटिंग!" मी हात वर करून हसायचो. बेळगावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकून आलेला मी एकटाच इंग्रजीचा शिक्षक होतो, आणि माझा तास मुलांना आवडतो याचा मला फार अभिमान होता.

ती बाई माझी सख्खी थोरली बहीण आहे.

आक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आमचं गाव निपाणीजवळचं. ती सातवी झाली आणि दोन-तीन वर्षांत तिला निपाणीतच दिली. मी हायस्कूलला गेलो तेव्हा गावातून रोज जाणं-येणं जमेना म्हणून तिच्याकडेच राहिलो. भावोजी टेम्पोवर होते, आठवड्यातले चार दिवस बाहेर. आक्का दिवसा तंबाखूच्या वखारीत जायची. तिथून आली की मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसायची आणि मी समोर पुस्तक घेऊन बसायचो. तिला माझ्या अभ्यासातलं सगळ्यात जास्त इंग्रजी आवडायचं. पाचवी ते सातवी अशी तीन वर्षं ती ते शिकली होती आणि शाळा सुटल्यावर त्याचीच तिला हळहळ होती. मी क्रियापदांची रूपं पाठ म्हणायचो आणि ती मान खाली घालून, पानात तंबाखू भरत, माझ्या मागोमाग पुटपुटायची. कधी मी अडलो तर पुढचं रूप तीच सांगायची.

"ते आयएनजी कवा लावायचं रं?" तिनं एकदा विचारलं होतं.

"आत्ता काम चाललं असलं की."

"म्हंजे आपलं करायलोय, जायलोय, खायलोय?"

"व्हय, तेच."

"मग सोपं हाय की," ती म्हणाली होती.

खरोखरच सोपं होतं. आमच्याकडच्या बोलीत 'काय करतोस' आणि 'काय करायलास' हे दोन प्रश्न कुणी एकमेकांत मिसळत नाही. 'जेवतो' म्हणजे रोज जेवतो, 'जेवायलोय' म्हणजे ताटावर बसलोय. बेळगावच्या वर्गातली अर्धी मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून येत, त्यांच्या घरी हेच बोललं जायचं. एक वाक्य आपल्या बोलीत बोललो असतो तर त्यांना धडा कळला असता. पण त्यासाठी मला त्या वर्गात 'करायलोय' म्हणावं लागलं असतं. ते मी कधी म्हटलं नाही. कुणा मुलाच्या तोंडून आलं, तर मी भुवया उंचावून म्हणायचो, "करत आहे. नीट बोल."

आता मूळ प्रसंग, जसा घडला तसा सांगतो. वर्गात मी तो तसा कधीच सांगितला नाही.

बेळगावातच, उद्यमबागेच्या अलीकडं मी छोटंसं घर बांधलं. वास्तुशांतीला शाळेतले सगळे येणार होते. आमच्या मुख्याध्यापिकाही येणार होत्या. त्या मंगळूरकडच्या, आयुष्यभर इंग्रजीतच शिकलेल्या आणि इंग्रजीतच शिकवलेल्या. शाळेत सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणत. आक्का दोन दिवस आधी आली, धाकट्या मुलीला घेऊन. ती मुलगी तेव्हा पाचवीत होती. आल्या आल्या आक्कानं पदर खोचला. फरशीवरचे सिमेंटचे डाग तिनं विटेच्या तुकड्यानं घासून काढले. पुरण तिनं शिजवलं, भाज्या तिनं निवडल्या. समारंभाच्या दिवशी ती पहाटेपासून उभी होती. तीन पंगती वाढल्या. दुपारचे दोन वाजून गेले तरी ती जेवली नव्हती. शेवटची पंगत उठली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून, पाय पसरून बसली. साडी गुडघ्यापर्यंत ओली होती, पदराला हळदीचे डाग होते. तिची मुलगी तिच्या खांद्याला टेकून उभी होती.

शाळेची माणसं जरा उशिराच आली होती. मॅडम हात धुवायला आत आल्या, त्यांच्याबरोबर मी आणि मागोमाग आणखी काही शिक्षक. त्यांना बघून आक्का गडबडीनं उठायला लागली, तसं मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सिट, सिट, प्लीज." आक्का परत बसली. मॅडमनी मग हसून, अगदी आपुलकीनं विचारलं, "अँड व्हॉट डू यू डू?"

आक्कानं एकदा माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत मला दिसलं, की तिला प्रश्न कळला होता. निदान तिला तसं वाटलं होतं. 'डू' म्हणजे करणं एवढं तिनं पकडलं होतं, आणि 'सिट, सिट'च्या मागोमाग आलेला प्रश्न तिला आत्ताचाच वाटला होता. एवढ्या वर्षांनी तिला कुणीतरी इंग्रजीत काहीतरी विचारलं होतं आणि भावाच्या घरात, भावाच्या माणसांसमोर तिला उत्तर देता येत होतं. ती ताठ बसली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आय ॲम सिटिंग."

माझ्या मागे दोन तरुण शिक्षिका उभ्या होत्या. त्या फिसकन हसल्या. मग त्यांच्यामागचे हसले. मीही हसलो. माझं हसणं सगळ्यांत मोठं होतं, कारण मला त्यांच्या बाजूला उभं राहायचं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हू इज शी?" ही कोण?

मी म्हणालो, "शी हेल्प्स अस."

इंग्रजी न येणाऱ्या माणसाला या तीन शब्दांत काही वावगं दिसणार नाही. ती आम्हाला मदत करते. पण मी तर हेच शिकवून पोट भरतो. 'शी इज हेल्पिंग अस' म्हटलं असतं, तर ती आज मदत करत आहे, म्हणजे कुणीतरी घरची, नात्यातली, समारंभापुरती हाताखाली आलेली, असा अर्थ झाला असता. तेही खरं नातं लपवणंच झालं असतं, पण निदान दार उघडं राहिलं असतं. 'शी हेल्प्स अस' म्हणजे रोज मदत करते. घरकामाला आहे. त्या खोलीत हा फरक माझ्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. शब्द तोंडातून निसटला असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. तो निसटला नव्हता. मी दोन्ही वाक्यं क्षणभर समोर धरली आणि त्यातलं एक उचललं.

"आय सी," मॅडम म्हणाल्या, आणि हात धुऊन बाहेर गेल्या.

संध्याकाळी भांडी आवरताना आक्कानं मला हळूच विचारलं, "माझं काय चुकलं रं? लोकं का हसली?"

"काय चुकलं न्हाय," मी म्हणालो. "तुला इंग्रजी येतंय बघून खूश झाली."

ती खरंच सुखावली. दुसऱ्या दिवशी निपाणीच्या गाडीत बसेपर्यंत तिचा चेहरा खुललेला होता.

पुढच्या जूनमध्ये आठवीला धडा आला, मुलं कंटाळली होती, आणि मी पहिल्यांदा तो किस्सा सांगितला. त्यात 'सिट, सिट, प्लीज' नव्हतं. तीन पंगती नव्हत्या. माझं वाक्य तर नव्हतंच. वर्ग हसला आणि मला बरं वाटलं. का बरं वाटलं, ते मला आता कळतं. जी गोष्ट आपण चारचौघांत हसत सांगतो, ती आपल्याला टोचत नाही, असं स्वतःला पटवता येतं.

अशी सतरा वर्षं गेली. आक्काची धाकटी मुलगी शिकली, डीएड झाली, सरकारी मराठी शाळेत शिक्षिका झाली, लग्न होऊन चिकोडीकडे गेली. मी तिच्या लग्नात मामा म्हणून अंतरपाटापाशी उभा राहिलो. त्या घरात माझा मान मोठा होता. भाची कॉलेजात असताना तिला काही अडलं तर आक्का म्हणायची, "मामाला इचार, त्याला सगळं येतंय." भाची मात्र कधी विचारायची नाही. मला वाटायचं, मुलगी बुजरी आहे.

गेल्या वर्षी चिकोडीला प्राथमिक शिक्षकांसाठी इंग्रजी शिकवण्याचं शिबिर होतं. दोन दिवस मला मार्गदर्शक म्हणून बोलावलं होतं. पहिल्या दिवशी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये चाळीस-पंचेचाळीस शिक्षक जमले होते. विषय आला तोच, दोन वर्तमानकाळ. मी सवयीनं खुर्ची पुढे ओढली, पाय पसरले, पदर सावरला आणि किस्सा सुरू केला. सगळे मनापासून हसले. मोठी माणसं मुलांपेक्षा जास्त हसतात, कारण त्यांना आपल्या ओळखीची कुणीतरी तशी बाई आठवते.

हसणं ओसरलं. मी उठून खडू हातात घेतला आणि म्हणालो, "कुणाला काही शंका?"

मागच्या बाकावरून एक हात वर आला. ती उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलं. ती माझी भाची होती. ती उशिरा आलेली असावी, मी तिला पाहिलंच नव्हतं.

"सर," ती म्हणाली. मामा नाही, सर. "शी हेल्प्स अस आणि शी इज हेल्पिंग अस, या दोन वाक्यांतला फरक सांगता का?"

हॉलमध्ये कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. प्रश्न अगदी विषयातला होता. मी पाठ फिरवून दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. मग मी समजावून सांगितलं, जसं कुणालाही सांगितलं असतं. पहिलं नेहमीचं, दुसरं आत्तापुरतं.

"पहिल्या वाक्यातली बाई कोण असंल, सर?"

"कामाला येणारी," मी म्हणालो.

"आणि दुसऱ्या वाक्यातली?"

"कुणी... घरची असेल. पाहुणी."

"थँक्यू, सर." ती खाली बसली आणि वहीत लिहून घेऊ लागली. खरंच लिहून घेत होती. तिच्या शेजारच्या बाईंनी तिच्या वहीत डोकावून तेच उतरवून घेतलं. पुढचा तास मी कसा घेतला ते मला आठवत नाही.

चहाच्या सुट्टीत ती हॉलच्या मागच्या नळावर हात धूत होती. मी जवळ गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"तू होतीस तिथं," मी म्हणालो.

"आईला टेकूनच उभी होते की."

"पण तुला तेव्हा इंग्रजी..."

"न्हवतंच येत, मामा." आता ती मामा म्हणाली, आणि ते सर म्हणण्यापेक्षा जड गेलं. "कानात राहिलं तेवढं. शी हेल्प्स अस. घरी आल्यावर चार दिवस गाण्यासारखं म्हणत होते मी. आईनं विचारलं, काय म्हणायलीस गं? मी म्हटलं, मामा तुझ्याबद्दल त्या बाईंला बोलला ते. आई म्हणाली, मग चांगलंच बोलला असणार."

मी उघडा राहिलेला नळ बंद केला.

"नववीत आमच्या बाईंनी हा धडा शिकवला. तवा कळलं."

"आक्काला सांगितलंस?"

"न्हाय. सांगणार पण न्हाय."

"मग आज का विचारलंस?"

तिनं ओढणीला हात पुसले. "सिटिंगचं मला कायच वाटत न्हाय, मामा. आई खरंच बसली होती, तिचं वाक्य बरोबरच होतं. पण आज तुम्ही तिची नक्कल केलासा. पदर असा असा केलासा. लोकं हसली. मला तिथं बसवंना." एवढं बोलून ती आत गेली. दुसऱ्या दिवशीही ती आली, मागेच बसली, आणि तिनं काही विचारलं नाही.

बेळगावला परत आल्यावर किस्सा बंद झाला. आता मी आठवीला सरळ 'करतो' आणि 'करायलोय' असं फळ्यावर लिहितो आणि येळ्ळूरसारख्या खेड्यांतली मुलं पहिल्याच बाकावरून मान डोलावतात. पण सतरा वर्षांत जे गावभर पसरलं, ते परत गोळा करता येत नाही. गेल्या महिन्यात बँकेत काउंटरवरचा एक जुना विद्यार्थी मला बघून मोठ्यानं म्हणाला, "सर, आय ॲम सिटिंग!" आणि शेजारच्यांना तो किस्सा सांगू लागला. मी पासबुक न घेताच बाहेर पडलो.

शिबिरानंतर दोन आठवड्यांनी, एका रविवारी मी निपाणीला गेलो. आक्काची वखार केव्हाच सुटली आहे, पण बिड्या अजून थोड्या वळते. हात रिकामे ठेवून बसणं तिला जमत नाही. दुपारची वेळ होती, भावोजी बाहेर गेले होते. ती बाहेरच्या सोप्यात सूप घेऊन बसली होती. मी समोर बसलो.

"आक्का, माझ्या वास्तुशांतीला आमच्या मॅडम आलत्या, आठवतंय?"

"आठवंना कशाला? केस बारीक कापलेल्या. मला सिट सिट म्हणाल्या."

"त्यांनी मला विचारलं, ही कोण म्हणून. मी म्हटलं, शी हेल्प्स अस."

"म्हंजे?"

"मदत करती."

"मग केलीच की मदत," आक्का म्हणाली. "दोन दिवस पाठ टेकली न्हवती मी."

इथं थांबता आलं असतं. तिनं मला सोडूनच दिलं होतं. पण मी सांगायचंच ठरवून आलो होतो. आता वाटतं, ते ठरवणंही माझ्यासाठीच होतं.

"तसं न्हाय, आक्का. मदत करायली असं म्हटलं असतं तर येगळं. मदत करती म्हंजे रोजची. कामाची बाई."

तिचे हात थांबले. अर्धं वळलेलं पान बोटांतच राहिलं. तिनं विचारलं, "भैण म्हणून न्हाय सांगितलंस?"

"न्हाय."

"का रं?"

उत्तर मला माहीत होतं. तुझी साडी ओली होती. तुझ्या बोटांना तंबाखूचा वास होता. लोक तुला हसले होते आणि मला त्यांच्यात राहायचं होतं. यातलं एकही तिच्या तोंडावर बोलण्यासारखं नव्हतं. मी मान खाली घातली.

तिनं मांडीवरचं सूप जरा पुढं सरकवलं. मग म्हणाली, "आणि त्या साड्या?"

हे मी विसरलो नव्हतो, पण ती तिथवर पोचेल असं मला वाटलं नव्हतं. वास्तुशांतीनंतर आठवड्याभरात मॅडमनी मला ऑफिसात बोलावून एक कापडी पिशवी दिली होती. आत त्यांच्या तीन साड्या होत्या, वापरलेल्या, पण धुऊन इस्त्री करून नीट घड्या घातलेल्या. "फॉर द लेडी हू हेल्प्स यू," त्या म्हणाल्या होत्या. माझंच वाक्य त्यांनी मला परत दिलं होतं. तेव्हाही मला सांगता आलं असतं. मी पिशवी घेतली, आभार मानले, आणि दिवाळीत निपाणीला जाऊन आक्काच्या हातात दिली. म्हणालो, आमच्या मॅडमना तू फार आवडलीस, मान म्हणून पाठवल्यात.

"एक तर थोरलीच्या साखरपुड्याला नेसलतो मी," आक्का म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, नेसलतो, गेलतो. "चार बायकांनी इचारलं, कुठली गं साडी? मी म्हटलं, माझ्या भावाच्या शाळंतल्या मोठ्या बाईंनी मानानं दिली." ती थांबली. "समद्यांना सांगितलं रं."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं हातातलं पान पुरं वळलं, दोऱ्यानं बांधलं, सुपात ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. आक्का माझ्यावर रागावलेली मी लहानपणी पुष्कळदा पाहिली होती. हा राग तसा नव्हता.

"तू मला हे कशाला सांगायलास? तुझं वझं उतरलं आणि माझ्यावर आलं, एवढंच झालं. मी तुझी कोण हाय ते मला ठावं हाय. ज्यांना ठावं न्हाय त्यांना जाऊन सांग."

"आक्का, त्या आता रिटायर..."

"मेल्या न्हाईत न्हवं?"

"न्हाय."

"मग जा."

ती उठून आत गेली. तिनं मला चहा दिला, पण जेव म्हटलं नाही. त्या घरात मी वाढलो. न जेवता तिथून मी त्या दिवशी पहिल्यांदा निघालो.

तरीही मॅडमकडे जायला मला महिना लागला. त्या अजून बेळगावातच असतात, कँपात, एका जुन्या बैठ्या घरात, सोबत त्यांची एक भाची असते. पंचाहत्तरी ओलांडली आहे. मला बघून त्यांना आनंद झाला. शाळेच्या चौकशा झाल्या. मी दोनदा निघायला उठलो आणि दोनदा बसलो. शेवटी सांगितलं. मॅडमशी मी कायम इंग्रजीतच बोलत आलो होतो, पण त्या दिवशी मला शब्द सापडेनात. चुकत, अडखळत, जमेल तसं सगळं सांगितलं. त्यांना दिवस आठवत होता, घर आठवत होतं, उंबऱ्याशी बसलेली बाईही आठवत होती.

"माय गॉड," त्या हळूच म्हणाल्या. "आय गेव्ह युवर सिस्टर माय ओल्ड सारीज." मी तुमच्या बहिणीला माझ्या जुन्या साड्या दिल्या.

मी म्हणालो, चूक माझी होती.

"येस," त्या म्हणाल्या. त्यांनी मला समजावलं नाही, की तसं काही नाही, इतकं मनाला लावून घेऊ नका. मग त्यांनी विचारलं, की तुम्ही त्या साड्या घेतल्यातच कशा? परत का दिल्या नाहीत? त्यांनी आक्काचं नाव विचारलं. मी सांगितलं. "मी तेव्हा नावही विचारलं नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या, मला नाही, स्वतःलाच. मग हात पुढे करून म्हणाल्या, "फोन लावा."

मी आक्काला फोन लावला आणि एवढंच म्हणालो, "मॅडम बोलणार हाईत." फोन त्यांच्या हातात दिला. मला धाकधूक होती, की आता इंग्रजीचं काय होणार, मध्ये मला बसून अर्थ सांगावा लागणार. मॅडमनी फोन कानाला लावला आणि कन्नडात बोलायला सुरुवात केली.

मॅडम मंगळूरच्या, त्यांना कन्नड येणारच. आणि आक्का वखारीत वीस वर्षं हुक्केरी-चिकोडीकडच्या बायकांबरोबर एका रांगेत बसून तंबाखू निवडत होती. तिचं कन्नड पाण्यासारखं आहे. हे मला ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं, की त्या दुपारी त्या दोघी कुणाच्याही मदतीशिवाय पोटभर बोलू शकल्या असत्या. आमच्या तिघांत कन्नड कच्चं असेल तर ते माझं. मला बाजारापुरतं येतं, ऑफिसात फॉर्म भरण्यापुरतं येतं.

त्या बराच वेळ बोलल्या. मला अधूनमधून एखादा शब्द लागत होता. अक्का हा शब्द दोन-तीनदा आला, पण तो कन्नडातही आहे, तेव्हा कुणाबद्दल होता ते कळलं नाही. सुरुवातीला मॅडमचा आवाज जड होता. त्यांनी एकदा चष्मा काढून डोळे पुसले. पलीकडून आक्काचा आवाज नुसता ऐकू येत होता, संथ, न थांबता काहीतरी सांगत होता. मग एकदम मॅडम हसल्या. पलीकडे आक्काही हसली, मला ते फोनमधून ऐकू आलं. कशाला हसल्या, ते मला समजलं नाही. मी खुर्चीच्या कडेवर, हात मांडीवर ठेवून, दोघींचं बोलणं संपायची वाट बघत बसून राहिलो.

बोलणं संपल्यावर मॅडमनी फोन मला परत दिला. काय बोलणं झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. आक्काला मी त्यानंतर चार वेळा भेटलो आहे. भाऊबीजेला तिनं ओवाळलं, जेवायला वाढलं, भावोजींच्या गुडघ्याचं सांगितलं, भाचीच्या बदलीचं सांगितलं. त्या फोनबद्दल ती एक शब्द बोलली नाही, आणि विचारायला मला तोंड नाही.